फियाटचे पाठभेद

आमच्या गिरगावातल्या चाळीत साठ बिऱ्हाडं होती आणि गाडी एकाकडेही नव्हती. तरी फियाट आम्हाला परकी नव्हती. वर्षातून दोनदा ती चाळीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, एप्रिलच्या अखेरीस आम्ही गावी निघालो की आणि जूनच्या सुरुवातीला परतलो की. काळं अंग, पिवळा टप, टपावर लोखंडी कॅरिअर. ट्रंक आणि वळकटी वर चढवून दोरीने बांधली जायची. मागच्या सीटवर आई, आजी, दोघी बहिणी आणि कोणाच्या तरी मांडीवर मी. पुढे बाबा. मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडपर्यंत जेमतेम पंधरा मिनिटं लागत. त्यानंतरचे बारा-तेरा तास एसटीत हाडं खिळखिळी व्हायची, पण गावी पोचल्यावर मामेभावंडांना सांगायची गोष्ट त्या पंधरा मिनिटांचीच असायची.

त्या पंधरा मिनिटांत मी काय काय बघत होतो ते आजही सांगता येईल. मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असायचा. निघण्याआधी ड्रायव्हर बाबांच्या पुढून आडवा व्हायचा, डाव्या खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि मीटरची झेंडी फिरवायचा. खट्! त्या आवाजाबरोबर आजी हात जोडायची. तिच्या लेखी प्रवासाचा मुहूर्त तोच. मग मी मागून पाहायचो तो पुढच्या सीटचा तांबूस रेक्झिनचा पाठभाग, या दारापासून त्या दारापर्यंत सलग, भिंतीसारखा. त्या भिंतीपलीकडे ड्रायव्हरचा डावा हात स्टिअरिंगच्या बगलेत काहीतरी वरखाली करत असायचा. गाडीत गिअर कुठे असतो हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो माणूस गाडीला चुचकारतोय.

पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, पुण्यात बिऱ्हाड असं सगळं रीतसर झालं आणि २००८ साली मी १९७६ची एक पद्मिनी विकत घेतली. फिकट क्रीम रंगाची. तेव्हापासून लोक विचारत आले आहेत की एवढं काय आहे त्या गाडीत. कवितेबद्दल असं कुणी विचारलं तर आपण कविता पुढ्यात घेऊन तिचे शब्द, लय, प्रतिमा उलगडून दाखवतो. गाडीचंही तसंच करावं लागेल. फक्त इथे शब्दांच्या जागी पत्रा आहे, आवाज आहे, वास आहे आणि हाताला लागणाऱ्या पाच-पंचवीस वस्तू आहेत.

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस मी प्रदर्शनांत पाहिल्या आहेत. चांदीसारखी झळाळी, दारावर राजचिन्ह, आत हस्तिदंती मुठी. त्यांच्या देखणेपणापुढे मान झुकते. पण त्या दोरीच्या अलीकडून बघाव्या लागतात. फियाटला मी अभिजात म्हणतो ते निराळ्या अर्थाने. असंख्य हातांनी ती हाताळली, ज्याने त्याने आपल्या गरजेपुरता तिच्यात बदल केला, आणि इतकं होऊनही ती तीच राहिली. आपल्याकडे जुने ग्रंथ असेच टिकले. प्रत करणाऱ्याच्या हातून एखादा शब्द बदलायचा, एखादी ओळ शिरायची, आणि अशा अनेक पाठभेदांतून ग्रंथ पुढच्या पिढीकडे जायचा.

मूळ संहिता इटलीची. दान्ते जाकोसा हे फियाटचे अभियंते. १९३६ची चिमुकली टोपोलिनो त्यांची आणि १९५७ची नवी फियाट ५०० हीही त्यांचीच. त्यांच्या हाताखाली घडलेली फियाट ११०० ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. इटालियन लोक तिला 'मिल्लेचेंतो' म्हणत, म्हणजे अकराशे. युद्धाने पोळलेला देश, अरुंद रस्ते, महाग पेट्रोल, आणि गाडी एकच घेता येणार म्हणून तिच्यात सगळं कुटुंब मावलं पाहिजे. या चार अटी लक्षात ठेवल्या की गाडीचा आकार आपोआप उलगडतो. लांबी चार मीटरच्या आत, रुंदी बेताची. जागा आडवी मिळेना म्हणून ती उभी घेतली. टप उंच ठेवला आणि सीट खुर्चीसारखी ताठ.

त्या उंच टपाचं आणि ताठ सीटचं मोल मला आजीमुळे कळलं. नऊवारी नेसलेली, गुडघे धरलेली माझी आजी फियाटमध्ये बसताना कधी वाकली नाही. दार उघडायचं, पाठमोरं व्हायचं, खुर्चीवर टेकतो तसं टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. आजच्या बुटक्या, निमुळत्या गाड्यांत तिला दोघांनी धरून उतरवावं लागलं असतं. तुरिनमधल्या कागदावर रेघ ओढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे गिरगावातली म्हातारी असण्याचं कारण नाही. त्याच्यापुढे त्याची स्वतःची आजी असेल. पण एका घराचा नीट विचार करून केलेली वस्तू दुसऱ्या घरातही चपखल बसते, याचा हा माझ्या डोळ्यांदेखतचा दाखला.

आता गाडीला बाजूने बघा. बोनेटपासून निघालेली रेघ दारांवरून सरळ मागे जाते आणि मागच्या मडगार्डाच्या टोकाला किंचित वर उचलली जाते. तिथे दोन छोटे पंख आहेत. अमेरिकन गाड्यांना १९५०च्या दशकात विमानासारखे मोठाले पंख फुटले होते, त्या लाटेचा हा शिंतोडा. अमेरिकेत ते पंख मिरवायला होते. फियाटवर ते वेलांटीएवढेच आहेत. शब्द वेलांटीवाचून अडला नसता, पण ती नसती तर मागची बाजू बोथट वाटली असती. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मी गाडी घराबाहेर लावतो तेव्हा उतरता उजेड त्या दोन टोकांवर शेवटी रेंगाळतो. तेवढं बघायला मी दोन मिनिटं फाटकाशी थांबतो. सोळा-सतरा वर्षं झाली, अजून कंटाळा आलेला नाही.

ही इटालियन संहिता आपल्याकडे कशी आली, ती कथा सोलापूरच्या माणसाची आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२चा. आगबोटी, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी इथे, आपल्या हातांनी व्हाव्यात हा त्यांनी घेतलेला ध्यास. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत ते होते, बंगळुरूचा विमानांचा कारखाना त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला, आणि १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा अगडबंब अमेरिकन गाड्या तिथे जुळवल्या जात. १९५०च्या दशकात फियाट आली आणि कुर्ल्याची ओळखच बदलली. वालचंद १९५३ मध्ये गेले. मिल्लेचेंतो जिनिव्हाला प्रकट झाली तेही साल १९५३च. दादर-कुर्ल्याच्या गल्ल्यांतून त्यांची गाडी घराघरांत कशी पोचली ते बघणं त्यांच्या वाट्याला आलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

इथे आल्यावर गाडीला पहिलं मराठी नाव मिळालं ते कारखान्याने दिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या ११००ची पुढची जाळी नाकाडासारखी पुढे आलेली आणि अंग गुबगुबीत. लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मालक अभिमानाने सांगतो, "माझी डुक्कर आहे." ऐकणारा कुणी हसत नाही. उलट मान डोलावतो, कारण डुक्कर मिळणं आता दुर्मीळ. तिची पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला आणि दार उघडतं ते पुढून. आधी पाय बाहेर टाकून सरळ उभं राहायचं. पुढे इलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं येत गेली आणि १९६४ साली डिलाइट आली. आपल्या डोळ्यांपुढे 'फियाट' म्हणताच जी चौकोनी, समंजस चेहऱ्याची गाडी येते ती हीच. पुढची तब्बल ३५ वर्षं तिचा सांगाडा बदलला नाही. जाळी बदलली, दिवे बदलले, बंपरला कधी रबर लागलं, कधी निघालं.

१९७०च्या दशकात फियाटचं नाव लावायचं बंद झालं. थोडा काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट होती आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव, शिवाय तेव्हाच्या कित्येक घरांतल्या लेकींचंही. नाव सुंदर आहे. पण मी आजवर एकाही टॅक्सीवाल्याच्या, मिस्त्रीच्या किंवा मालकाच्या तोंडी ते सहज आलेलं ऐकलं नाही. सासरचं नाव फक्त पत्रिकेवर राहावं आणि घरात सगळ्यांनी माहेरच्या नावाने हाक मारावी, तसं झालं. आरसी बुकात पद्मिनी, जिभेवर फियाट.

त्या काळी गाडी पैसे असूनही लगेच मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. मुलांच्या आग्रहाने त्यांनी फियाट घ्यायची ठरवली. किंमत १२,००० रुपये, खात्यात होते ७,०००, म्हणून ५,०००चं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढलं. १९६६च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले. उरलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ती क्रीम रंगाची गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. पंतप्रधानांचं घर आणि दादरच्या एखाद्या हेडक्लार्कचं घर या दोघांनाही तीच गाडी हवी असते, तिच्यासाठी तेच हिशेब मांडावे लागतात आणि हप्ताही तसाच भरावा लागतो. हे मला त्या गाडीच्या सौंदर्याचाच भाग वाटतं.

आता आत या. दार ओढून घेतलं की 'धप्प' असा भरीव आवाज येतो, पेटीचं झाकण लावल्यासारखा. समोर डॅशबोर्डवर वेगाचा काटा गोल तबकडीत फिरत नाही. आडवी पट्टी आहे, तिच्यावर वेग डावीकडून उजवीकडे सरकतो, ओळ वाचावी तसा. दारांच्या काचांना पुढे एक-एक त्रिकोणी काच. ती कोनात वळवली की धावत्या गाडीत वाऱ्याचा झोत नेमका छातीवर येतो. एसी नव्हता त्या काळात मे महिन्याची दुपार सुसह्य करणारी ती दोन बोटांची करामत. आणि वास: पेट्रोल, रेक्झिन, जुना काथ्या यांचा मिळून एक. तो शब्दांत धरता येत नाही, पण फियाटमध्ये वाढलेल्या माणसाला डोळे बांधून बसवलं तरी तो ओळखेल.

पुढची सीट मात्र थांबून बघण्यासारखी आहे. ती एकच, सलग, बाकासारखी. गिअर जमिनीतून वर येत नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला डावीकडे लागलेला असतो, म्हणून मधली जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेत एका पिढीचं केवढं आयुष्य बसलं! नवरा-बायकोच्या मध्ये लहान मूल. देवळात निघालेल्या तिघी जावा. मधल्या माणसाने गुडघे जरा उजवीकडून डावीकडे घ्यायचे, हे सांगावं लागत नसे. टॅक्सीत तर ते बाक रात्री खाट व्हायचं. उत्तर प्रदेशातून, कोकणातून, मंगळुरूकडून आलेले किती ड्रायव्हर त्या सीटवर पाय खिडकीबाहेर काढून झोपलेले मी पाहिले आहेत. मुझफ्फर अली यांच्या 'गमन' या १९७८च्या चित्रपटात गाव सोडून आलेला नायक मुंबईत टॅक्सी चालवतो. त्यात शहर दिसतं ते बहुतेक टॅक्सीच्या काचेतून. परक्या शहरात त्याची स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढीच, एका बाकाएवढी. आधुनिक गाड्यांत दोन सुट्या सीट असतात आणि मध्ये गिअर, हँडब्रेक, कप ठेवायची भोकं. प्रत्येकाला आपापला कप्पा. आराम जास्त आहे हे मान्य. पण खांद्याला खांदा लागत नाही.

तो गिअर म्हणजे माझ्या लहानपणीचं 'चुचकारणं'. चालवायला लागल्यावर मला कळलं की माझी समजूत फार चुकीची नव्हती. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत निरोप सळ्यांच्या आणि सांध्यांच्या माळेतून जातो. घाई केली की निरोप वाटेत अडकतो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला हलकी थाप, पुन्हा क्लच आणि मग गिअर. जमलं तर दांडी लोण्यात सुरी जावी तशी जाते. चुकलं तर अशी करकर होते की रस्त्यावरचा पानवालासुद्धा मान वर करून बघतो. मला हे जमायला दोन महिने लागले. लयीत वाचल्याशिवाय ओवीचा अर्थ उमगत नाही, म्हणून आजी मला मोठ्याने म्हणायला लावायची. तेच इथे. गाडी चालवायच्या आधी तिची लय अंगात उतरवावी लागते.

इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आजच्या लहानात लहान गाडीपुढेही हा आकडा किरकोळ. पण बोनेट उघडलं की इंजिनाभोवती हात फिरवायला जागा आहे, आणि जे आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं. हा कार्बोरेटर, तो डायनॅमो, ही कॉइल, तो एसी पंप. एसी म्हणजे थंड हवेचा नव्हे, पेट्रोल खेचणाऱ्या पंपाला गॅरेजमध्ये हेच नाव आहे. एकदा मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी गपकन थांबली. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाड्यांना कडक उन्हात हे व्हायचंच. आम्ही पंचा भिजवून पंपावर गुंडाळला आणि कडेच्या झाडाखाली बसून डब्यातले लाडू खाल्ले. वीस मिनिटांनी पंप निवला, गाडी चालू झाली. बायको म्हणाली, ताप उतरवायला कपाळावर पट्टी ठेवतात तसंच की हे. माझ्या लेकीला तो प्रवास अजून आठवतो. त्यानंतर आम्ही चांगल्या नव्या गाडीने त्याच घाटातून पन्नास वेळा गेलो असू, त्यातला एकही तिला आठवत नाही.

माझ्या गाडीचं खरं रसग्रहण मला शिकवलं ते आमच्या मिस्त्रींनी. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं दाटीवाटीने आहेत, तिथून हाकेच्या अंतरावर त्यांचं गॅरेज. वय सत्तरीपुढे. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्यांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, "चालू ठेवा आणि गप्प उभे राहा." डोळे मिटून ते मिनिटभर ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोन नंबरचा टॅपेट ढिला आहे. आणि पॉइंट काळे पडलेत." डेल्कोच्या टोपणाच्या दोन्ही क्लिपा अंगठ्याने बाजूला केल्या, टोपण उचललं, रोटर काढला. खाली नखाएवढे दोन धातूचे ठिपके एकमेकांना टेकलेले. हेच ते पॉइंट, यांच्या उघडझापीवर प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी त्यांनी मध्ये सरकवली, चार वेळा ओढली, ठिपके चकाकले. आता दोघांमधलं अंतर. फीलर गेज भिंतीवर लटकत होतं, ते त्यांनी घेतलं नाही. खिशातून एका जुन्या लग्नपत्रिकेचा कोपरा काढला, फटीत घातला, दोन बोटांनी ओढून पाहिला. "इतकाच अडला पाहिजे. ओढला तर येईल, सोडला तर पडणार नाही." नंतर मी हट्टाने गेज लावून पाहिलं. बरोबर होतं.

त्या लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात मला या गाडीचं मर्म सापडलं. कारखान्याच्या पुस्तकात अंतर दशांश अपूर्णांकात दिलेलं आहे. मिस्त्रींनी ते आपल्या भाषेत, आपल्या बोटांत उतरवून घेतलं. मुंबईचा मिस्त्री तेच दुसऱ्या कशाने मोजत असेल, कोल्हापूरचा तिसऱ्याच कशाने. हे पाठभेद. तुरिनमध्ये लिहिलेलं वाक्य नाना पेठेत वेगळ्या उच्चाराने वाचलं जातं आणि अर्थ शाबूत राहतो.

पाठभेदांचं खरं दालन म्हणजे मुंबईची टॅक्सी. कोलकात्याने अॅम्बॅसेडर आपली मानली, मुंबईने फियाट. एकाच साच्यातून निघालेल्या गाड्या, पण दोन टॅक्सी सारख्या म्हणून मिळायच्या नाहीत. एकीच्या छताला आतून गुलाबाच्या फुलांचं रेक्झिन, दुसरीच्या सीटवर वाघाचे पट्टे. डॅशबोर्डवर कुठे साईबाबा, कुठे मक्का, कुठे माउंट मेरी, आणि उदबत्तीची राख ठेवायला शीतपेयाच्या बाटलीचं झाकण. २०१५ साली 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी टॅक्सींच्या सीटसाठी आणि छतासाठी खास कापडं रेखली. मला ती आवडली, पण ड्रायव्हरांनी स्वतःच्या मनाने निवडलेली रेक्झिनं मला त्याहून जास्त आवडतात. बोनेटखालीही तेच. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं आली. मग हवा बिघडली, न्यायालयाचे आदेश आले आणि डिकीत सीएनजीची टाकी चढली. डिकीत बॅग मावेनाशी झाली, ती टपावरच्या कॅरिअरवर गेली. काच खाली-वर करायची मूठ चारातल्या तीन दारांना नसायची. ड्रायव्हर ग्लोव्ह बॉक्समधून एकच मूठ काढून मागे द्यायचा, आपण काच उतरवायची आणि मूठ परत करायची. चार जणांचं घर एका चमच्यावर चालवावं तसा हा संसार. आणि भाग कुठून यायचे? बहुतेक कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून. कारखाना कुर्ल्याचा, मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव सुटे होऊन नव्याने फिरायला लागायचे तेही कुर्ल्यालाच.

२००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही काळी-पिवळी पद्मिनी नाही. त्या आठवड्यात मी मुद्दाम मुंबईला गेलो. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. गिरगावातून मुंबई सेंट्रलला टॅक्सी केली, ती वेगळ्या कंपनीची होती, नवी, गार हवेची. मीटर आत, आकडे लाल दिव्याचे. खट् असा आवाज झाला नाही. ड्रायव्हर साठीचा होता. फियाट चालवली होती का विचारलं तर म्हणाला, बावीस वर्षं. पुढे तो काही बोलला नाही, पण सिग्नलला थांबला तेव्हा त्याचा डावा हात स्टिअरिंगच्या बगलेत गेला आणि तसाच परत आला.

दरम्यान २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नवा नियम आणला. ५० वर्षांवरची गाडी त्यात नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४च्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. माझी १९७६ची, तिचं पन्नासावं वर्ष २०२६.

अट रास्त आहे. एकनाथांनीही शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, शतकांच्या नकलांत शिरलेले पाठ दूर केले. त्यांनी ते केलं म्हणून मूळ आपल्यापर्यंत आलं. कोणीतरी मूळ राखलंच पाहिजे, आणि जे मालक हौसेने, पदरमोड करून फियाटचा नट न नट मूळचा शोधून बसवतात त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी मन पुन्हा पुन्हा त्या टॅक्सींकडे जातं. डिझेलचं इंजिन, सीएनजीची टाकी, वाघाचे पट्टे. विंटेजच्या नियमात त्यातली एकही बसली नसती. मूळ प्रत जपणारे ग्रंथाचे उपकारकर्ते खरेच, पण ज्या मठांत, ओसऱ्यांवर, वारीच्या वाटेवर तो चुकतमाकत म्हटला गेला ती माणसं नसती तर शुद्ध करायला प्रत तरी कुठून मिळाली असती? एखाद्या संग्रहालयाने अशी एक बदललेली, डागाळलेली टॅक्सी आहे तशी, न रंगवता, तिच्या उदबत्तीच्या राखेसकट ठेवावी अशी माझी फार इच्छा आहे. शास्त्रीजींच्या गाडीएवढ्याच मानाने.

माझ्या गाडीत असा एक पुरावा आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून एक पट्टीचा कागद चिकटवलेला आहे, पिवळा पडलेला. घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी टॉर्च शोधताना तो दिसला. पहिलं अक्षर टाक-दौतीच्या वळणाचं, पेन्सिलीतलं: 'दसरा ७७, ऑइल', पुढे किलोमीटर. त्याखाली पाडवा, पुन्हा दसरा, मध्येच 'नवे प्लग'. मग अक्षर बदलतं, आकडे गुजराती होतात, आणि तारखा दिवाळीच्या. तिसरं अक्षर बॉलपेनचं, घाईचं, दोन ओळींमध्ये चार-चार वर्षांची फट. किलोमीटरचा आकडा ९७ हजारांवर जातो आणि पुढच्या ओळीत एकदम १,१४० होतो. मीटरला पाचच घरं, लाख पुरे झाले की तो शून्यापासून सुरू करतो. कुणाच्या हयातीत ते झालं, तेव्हा गाडीत कोण बसलं होतं, पाचही शून्यं एकदम वळताना कुणी पाहिली की नाही, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

या तिघांपैकी एकालाही मी भेटलेलो नाही. पहिल्याला मी मनातल्या मनात अण्णा म्हणतो. त्याने दसऱ्याचा पायंडा पाडला तोच मी चालवला आहे. गेल्या दसऱ्याला मिस्त्रींकडून ऑइल बदलून आणलं, पॉइंट साफ केले. आता ते मी स्वतः करतो, माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा वापरून. बोनेटला झेंडूचा हार घातला. लेकीने हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या बाकावर मधोमध जाऊन बसली. झाकण उघडून मी पेन्सिलीने लिहिलं, 'दसरा. ऑइल, पॉइंट. ४१,३०६.' खाली अजून दोन ओळींची जागा आहे.